मुंबईचा जॅझ आणि लोर्नाचा कंठ

गायनाचा इतिहास लिहूं पाहणाराला एक अडचण नेहमींच येते. परभणी जिल्ह्यांत चारठाणा येथें प्राचीन मंदिरांचे कोरीव खांब आणि एक उंच स्तंभ आजहि उभे आहेत. शिल्पकाराची छिन्नी कशी चालली असेल, हें त्यांवरून जाणतां येतें. परंतु त्या मंदिरांत देवापुढें ज्यांनीं गाइलें असेल त्यांच्या कंठांतील एकहि सूर मागें उरलेला नाहीं. दगड टिकतो आणि सूर विरतो, हा न्याय मनुष्यानें हजारों वर्षें निमूटपणें मान्य केला. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत ध्वनिमुद्रणाची कला निघाली, तेव्हां हा न्याय प्रथमच बदलला. कलकत्त्यास १९०२ सालीं गोहरजान ह्यांचें गाणें तबकडीवर उतरलें आणि हिंदुस्थानांतील गायकांच्या आवाजाला देहापलीकडचें आयुष्य लाभलें.

जॅझ ह्या संगीताच्या बाबतींत तर तबकडी ही केवळ सोय नव्हती. तिच्यावांचून ह्या संगीताचा इतिहासच लिहितां आला नसता. अमेरिकेच्या दक्षिण भागांत, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ वसलेल्या न्यू ऑर्लिन्स शहरांत, विसाव्या शतकाच्या आरंभीं हें संगीत आकारास आलें. १८६५ सालीं कायद्यानें मुक्त झालेल्या, पण मानानें मुक्त न झालेल्या कृष्णवर्णी समाजाचें तें संगीत होय. शेतांत राबतांना म्हटलीं जाणारीं श्रमगीतें, चर्चमधील सामुदायिक प्रार्थना, ‘ब्लूज’ नांवाचीं दुःखगीतें, लष्करी बँडांचीं पितळी वाद्यें आणि युरोपीय नृत्यांच्या चाली ह्या सर्वांचा त्यांत मिलाफ झाला. जॅझची पहिली तबकडी १९१७ सालीं निघाली, आणि ती गोऱ्या वादकांची निघाली ही दैवाची थट्टाच म्हणावयाची. तथापि थोड्याच वर्षांत खऱ्या धन्यांचे आवाजहि मेणाच्या तबकडीवर चढले. जें कागदावरील स्वरलिपींत पुरतें मावत नाहीं, तें अशा रीतीनें समुद्रापार पोंचलें.

मराठी श्रोत्याला जॅझचें मर्म समजण्यास फार दूर जावें लागत नाहीं. ख्याल गाणारा गवई बंदिशीचा मुखडा हातीं धरून रागाची बढत करतो. जॅझ गाणारा कलावंत एखाद्या परिचित गीताची चाल हातीं धरून दर आवर्तनांत तिच्यावर नवी कलाकुसर करतो. ख्यालाची चौकट रागाची व तालाची असते. जॅझची चौकट बहुधा बारा किंवा बत्तीस खंडांची आणि त्या खंडांतून ठराविक क्रमानें फिरणाऱ्या स्वरसंघांची असते. ब्लूजमध्यें गांधार आणि निषाद हे स्वर आपल्या जागेवरून किंचित खालीं ओढले जातात. ते धड शुद्ध नव्हेत व धड कोमलहि नव्हेत. दरबारीचा आंदोलित गांधार ज्याच्या कानावर आहे, त्याला ह्या स्वरांचें परकेपण फार वेळ वाटणार नाहीं. बोलांचा अर्थ सोडून निरर्थक अक्षरांवर लय खेळविण्याची जी रीति आहे, ती तराण्याच्या गोत्रांतलीच समजावी. फरक एवढाच कीं, तानपुऱ्याचा षड्ज गवयाच्या पाठीशीं अचल उभा असतो, तर जॅझ गाणाराच्या पायाखालील स्वरसंघ सारखे बदलत असतात. चालत्या होडींत उभें राहून तोल सांभाळावा, तसा त्याला आपला सूर सांभाळावा लागतो.

ह्या गायनाच्या घडणींत तीन नांवें टाळतां येत नाहींत. बेसी स्मिथ ह्यांनीं १९२३ पासून तबकड्यांवर ब्लूज गाइले. ध्वनिक्षेपकाच्या मदतीवांचून नाट्यगृह भरून टाकणारा तो कंठ होता. लुई आर्मस्ट्राँग ह्यांनीं १९२६ सालीं निरर्थक अक्षरांचें गायन लोकप्रिय केलें आणि गळ्याला ट्रंपेटची चपळाई आणली. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण आलें, आणि त्याबरोबर हळू आवाजांत गाणाऱ्यांसहि जागा मिळाली. बिली हॉलिडे ह्यांनीं त्या जागेचें सोनें केलें. त्यांच्या आवाजाचा पल्ला लहान होता. परंतु शब्द लयीच्या किंचित मागें ठेवून, जणूं कांहीं तो उच्चारावा कीं नाहीं ह्याचा विचार करीत, त्या अशा गात कीं साधें प्रेमगीतहि आपबीती वाटे.

हें संगीत मुंबईस आलें तें प्रथम तबकड्यांच्या आणि मागाहून जहाजांच्या वाटेनें. १९०३ सालीं उघडलेल्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्यांचा कृष्णवर्णी वादकांचा संच दाखल झाला. त्यांच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हे ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक आले. वेदरफर्ड ह्यांनीं पूर्वेकडील देशांतच आपलें आयुष्य वेंचलें व १९४५ सालीं कलकत्त्यास त्यांचा पटकीनें अंत झाला. ह्या वादकांच्या मायदेशांत गोऱ्यांच्या हॉटेलांत त्यांना वाजवितां येई, पण पाहुणा म्हणून बसतां येत नसे. मुंबईंत त्यांच्यापुढें नाचणारी मंडळी म्हणजे साहेब लोक, संस्थानिक आणि धनिक हीच होती. परंतु त्यांच्या शेजारीं वाद्य घेऊन बसलेला आणि कान देऊन शिकणारा माणूस वेगळाच होता. तो गोव्याहून आलेला होता.

गोव्यावर पोर्तुगीजांचें राज्य १९६१ पर्यंत टिकलें. त्या राज्यांत ख्रिस्ती पॅरिशच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचण्यास, व्हायोलिन वाजविण्यास आणि प्रार्थनागीतें अनेक आवाजांत म्हणण्यास शिकवीत. विद्या होती, पण पोट भरण्याचें साधन गांवांत नव्हतें. म्हणून गोवेकर तरुण मुंबईस येई, धोबी तलावाच्या आसपास आपल्या गांवाच्या ‘कूड’मध्यें एक पेटी ठेवण्यापुरती जागा मिळवी, आणि मूकपटांच्या वाद्यवृंदांत, आगबोटींवर अथवा हॉटेलांत नोकरी शोधी. कोंकणी ‘तियात्र’ हा नाट्यप्रकारहि १८९२ सालीं मुंबईंतच जन्मला. ह्या लोकांना कागदावरील स्वर वाचतां येत. न लिहिलेले स्वर कसे वाजवावे हें त्यांनीं जॅझपासून उचललें. मिकी कोर्रिया ह्यांच्या वाद्यवृंदानें १९३९ पासून पुढें वीस वर्षांहून अधिक काळ ताजमधील नृत्यगृह सांभाळलें. आल्दोना गांवचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ ह्या नांवानें ट्रंपेट वाजवीत. मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग अशीच त्यांची ख्याति होती.

रात्रीं हॉटेलांत वाजविणारे हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. पुणतांब्यास जन्मलेले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, ह्यांनीं चिक चॉकलेट ह्यांना हातीं धरलें. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत मास्टर भगवान ज्या गाण्यांवर नाचले, त्यांच्या पाठीमागें मुंबईच्या हॉटेलांतील हा जॅझ उभा होता. कोंकणीचा गंध नसलेल्या लक्षावधि लोकांनीं तीं गाणीं गुणगुणलीं. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ह्या गोवेकरांनीं चित्रपटसंगीताची वाद्यरचना घडविली; परंतु पडद्यावर त्यांचीं नांवें क्वचित् दिसत. गोन्साल्विस ह्यांचें नांव जनसामान्यांच्या ओठीं आलें तें १९७७ सालीं, त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनीं चित्रपटांतील एका गाण्यावाटे गुरूचें स्मरण केलें तेव्हां; आणि तेंहि एका विनोदी पात्राचें नांव म्हणून. ज्यांच्या हातानें घर बांधलें त्यांचें नांव दारावर नसावें, ही ह्या इतिहासांतील बोंचणी होय.

आतांपर्यंत उल्लेखिलेले बहुतेक गोवेकर हे वादक होते. त्यांच्या संगीताला स्वतःच्या भाषेंत बोलणारा कंठ मिळाला तो १९६० नंतर, लोर्ना कॉर्डेरो ह्यांच्या रूपानें. १९४६ सालीं जन्मलेल्या लोर्ना मुंबईच्या गोवेकर वस्तींत वाढल्या. मडगांवकडील क्रिस पेरी (१९२८–२००२) हे ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजविणारे, वाद्यवृंद चालविणारे व स्वतः चाली बांधणारे संगीतकार होते. शिस्तीला ते कठोर समजले जात. त्यांनीं ह्या मुलीचा आवाज हेरला व तिला आपल्या संचांत घेतलें. चर्चगेटच्या बाजूस उपाहारगृहांची जी रांग होती, तेथें रोज रात्रीं निरनिराळे संच वाजवीत आणि श्रोते एका दारांतून दुसऱ्या दारांत जात. त्या दिवसांत लोर्ना तेथें प्रामुख्यानें इंग्रजी गीतें गात. परंतु त्यांचें चिरंतन कार्य घडलें तें कोंकणी तबकड्यांवर. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’, ‘नाचूं-या कुंपासार’ अशीं क्रिस पेरी ह्यांनीं बांधलेलीं गीतें त्यांनीं गाइलीं आणि गोव्याच्या घराघरांत तीं पोंचलीं.

ह्या कार्याचें महत्त्व समजण्यास त्या काळच्या भाषेची स्थिति ध्यानांत घ्यावी लागते. पोर्तुगीज अमदानींत प्रतिष्ठेची भाषा पोर्तुगीज होती. मुंबईंत ती जागा इंग्रजीनें घेतली. कोंकणी ही घरांतली, स्वयंपाकघरांतली, देवापुढच्या प्रार्थनेची आणि तियात्राची भाषा मानली जाई. झगमगत्या नृत्यगृहांत कोंकणी शब्द उच्चारणें म्हणजे चाकरमान्यानें दिवाणखान्यांत येऊन बसण्यासारखें वाटे. पेरी ह्यांनीं न्यू ऑर्लिन्सचीं पितळी वाद्यें, दक्षिण अमेरिकेचे नृत्यताल आणि मांडो व दुलपदांचा घरगुती गोडवा एकत्र केला, आणि लोर्ना ह्यांनीं तें सारें कोंकणींत अशा ठसक्यानें गाइलें कीं भाषेची लाज गळून पडली. ज्यांनीं कधीं ताजची पायरीहि चढली नव्हती, त्यांच्या अंगणांत जॅझ आला आणि तो त्यांच्याच बोलींत बोलला.

त्यांच्या गायनकलेचें वैशिष्ट्य तरी कशांत होतें? पहिली गोष्ट आवाजाची जात. स्त्रीकंठ म्हटला कीं बारीक, उंच आणि कोंवळा असावा, अशी त्या काळच्या चित्रपटांनीं श्रोत्यांची समजूत करून दिली होती. लोर्ना ह्यांचा आवाज मुळांत रुंद, खालच्या सप्तकांत भरदार आणि किंचित खरखरीत. वर चढतांना तो पातळ न होतां अधिक पेटतो. संचांतील ट्रंपेट व ट्रॉम्बोन पूर्ण जोरानें वाजत असतां तो त्यांच्याखालीं दबत नाहीं. उलट आपण त्या पितळी वाद्यांपैकींच एक असल्याप्रमाणें त्यांच्याशीं सवालजबाब करतो.

दुसरी गोष्ट लयीची. शब्द ठेक्यावर सरळ न ठेवतां किंचित अगोदर उचलावा, किंवा अंमळ मागें रेंगाळत ठेवून पुढच्या पावलांत हिशेब चुकता करावा, ही जॅझची खरी कसोटी होय. कोंकणी भाषेंत ती अवघड होती, कारण इंग्रजी गीतांत शब्दावरचे आघात आधींच ठरलेले असतात, आणि कोंकणीचे स्वर लांबट व अनुनासिक असतात. लोर्ना ह्यांनीं ह्या अनुनासिकांनाच कामाला लावलें. ओळीच्या शेवटीं येणारा सानुनासिक स्वर त्या सहज सोडून देत नाहींत. त्याला थोडा पीळ देऊन, ब्लूजमधील ओढलेल्या गांधारासारखा खालीं आणून मग थांबवितात. बाहेरून आलेली रीति भाषेच्या स्वभावांत मुरली कीं ती उसनी राहत नाहीं, ह्याचा हा उत्तम दाखला होय.

तिसरी गोष्ट नाट्याची. दारुड्यावरचें ‘बेबदो’ गातांना त्या उपदेशकाचा आव आणीत नाहींत. चीड, थट्टा आणि कींव ह्या तीनहि भावना एकाच कडव्यांत आळीपाळीनें डोकावतात. तियात्रांतील पदें ऐकून वाढलेल्या श्रोत्याला शब्दांतला अर्थ अभिनयासह हवा असतो. जॅझचा श्रोता सुरांतील साहस मागतो. हीं दोन्ही मागणीं एकाच कंठानें पुरविलीं, म्हणून ह्या गायिकेला तोड राहिली नाहीं. ‘गोव्याची कोकिळा’ असें त्यांना म्हणतात. तें प्रेमानें दिलेलें नांव आहे. पण कोकिळेच्या आवाजांत एवढी धग नसते.

मुंबईच्या मातींतून ह्याच पिढींत दुसरीहि एक वाट फुटली, तिचा निर्देश येथें उचित होईल. मुंबईस जन्मलेल्या आशा पुथली ह्यांनीं हिंदुस्थानी संगीताचें शिक्षण घेतलें व पाश्चात्त्य गायनहि अभ्यासिलें. अमेरिकेस गेल्यावर ऑर्नेट कोलमन ह्या क्रांतिकारी जॅझ संगीतकारानें आपल्या ‘सायन्स फिक्शन’ ह्या संग्रहांत त्यांच्याकडून दोन गीतें गाऊन घेतलीं. तें ध्वनिमुद्रण १९७१ सालचें. ज्या संगीतांत स्वरसंघांची चौकटहि मोडून टाकलेली होती, त्यांत त्यांचा सूर अढळ राहिला, आणि रागसंगीताची तालीम घेतलेल्या गळ्याला हें कां साधलें असावें, हें हिंदुस्थानी श्रोत्याला सांगावें लागणार नाहीं. एकीनें जॅझ आपल्या अंगणांत आणला. दुसरीनें आपला षड्ज जॅझच्या माहेरीं नेला.

लोर्ना ह्यांच्या कथेला मात्र पुढें एक दीर्घ मौन आहे. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांतच त्यांचा व क्रिस पेरी ह्यांचा कलासंबंध तुटला आणि त्या मंचावरून दूर झाल्या. सुमारें दोन दशकें त्यांचें जाहीर गाणें जवळजवळ थांबलेंच. ह्याच काळांत मुंबईच्या उपाहारगृहांतील संचहि एकामागून एक बंद पडत गेले. नव्या पिढीला विजेच्या गिटारींचें संगीत हवें होतें आणि मालकांना तबकडी वाजविणें वाद्यवृंद पोसण्याहून स्वस्त पडूं लागलें. जी तबकडी सूर टिकविण्यास जन्मली, तीच सूर गाणाऱ्यांच्या जागीं येऊन बसली.

अशा मौनाची कारणें व्यक्तींच्या आयुष्यांत शोधण्यापेक्षां ह्या कलेच्या व्यवहारांत शोधणें अधिक उपयोगाचें. ख्याल गाणारी गायिका एक तानपुरा, एक तबला व एक सारंगी एवढ्यावर मैफल उभी करूं शकते. जॅझ गाणाऱ्या स्त्रीचा आवाज तिचा स्वतःचा असतो. परंतु चाली दुसऱ्याच्या, वाद्यवृंद दुसऱ्याचा, मंच तिसऱ्याचा आणि करारनाम्यावरची शाई चौथ्याची असते. ह्यांतील एक दुवा निखळला कीं कंठ शाबूत असूनहि गाणें बंद पडतें. बिली हॉलिडे ह्यांच्याहि वांट्याला तेंच आलें. १९४७ सालीं शिक्षा झाल्यावर न्यूयॉर्कमधील मद्यगृहांत गाण्याचा त्यांचा परवाना रद्द झाला. १९४८ सालीं कार्नेगी हॉल श्रोत्यांनीं भरून गेला तरी शहरांतील लहान मंच, जेथें जॅझ खऱ्या अर्थानें जगतो, ते १९५९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांना बंदच राहिले. कोठें सरकारचा परवाना आड आला, कोठें आणखी कांहीं. पण नाजूकपणा ह्या व्यवसायाचाच आहे.

परंतु मौनाच्या काळांतहि लोर्ना ह्यांचीं गाणीं गप्प बसलीं नाहींत. रेडिओवर तीं लागत, लग्नाच्या मांडवांत बँडवाले तीं वाजवीत, आखाती देशांत गेलेले गोवेकर त्यांच्या ध्वनिफिती सामानांत बांधून नेत. ज्या मुलांनीं गायिकेला कधीं पाहिलें नव्हतें, त्यांनाहि त्या आवाजाची ओळख होती. अखेर १९९५ सालीं रॉनी मोन्सेरात ह्या संगीतकाराच्या प्रयत्नानें लोर्ना पुन्हां गोव्यांत मंचावर उभ्या राहिल्या, आणि अफाट जनसमुदायानें त्यांचें स्वागत केलें. आवाजाला वय आलें होतें. त्यानें तो उणा न होतां अधिक खोल झाला होता. क्रिस पेरी २००२ सालीं निवर्तले. २०१४ सालीं बार्द्रोय बार्रेतो ह्यांनीं ‘नाचूं-या कुंपासार’ ह्याच नांवाचा कोंकणी चित्रपट काढला. पेरी ह्यांच्या गाण्यांवर गुंफलेल्या ह्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या पालोमी घोष ह्यांचाहि विशेष उल्लेख झाला. हॉटेलांत अज्ञात राहिलेल्या पिढीला पडद्यावर नांव मिळण्यास इतकीं वर्षें लागलीं.

ह्या इतिहासाकडे मराठी रसिकानें परक्या घरचें वैभव म्हणून पाहूं नये. हें संगीत मुंबईंत वाढलें. पुणतांब्याच्या संगीतकारानें त्याला आपल्या चालींत घेतलें. भगवानदादांच्या पावलांनीं तें गिरणगांवांत नेलें. केसरबाई, मोगूबाई आदि गायिकांना गोव्यानें जन्म दिला आणि मुंबईनें श्रोता दिला, हें अभिमानानें सांगितलें जातें. त्याच गोव्याच्या चर्चमधून आणि कूडांमधून आलेल्या कंठालाहि त्याच पंक्तींत पान मांडलें पाहिजे. त्यासाठीं जुन्या तबकड्या अडगळींतून बाहेर काढून जपणें आणि त्यांवरील ट्रंपेट कोणाचा, सॅक्सोफोन कोणाचा, हीं नांवें जाणत्या वादकांकडून वेळीच लिहून घेणें अवश्य आहे. वृद्ध वादक एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर तीं नांवेंहि जात आहेत.

ज्याला हें सारें शब्दांवांचून पटवून घ्यावयाचें असेल, त्यानें लोर्ना ह्यांचें एखादें गीत दोनदां ऐकावें. पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष द्यावें. मराठी माणसाला निम्म्याहून अधिक शब्द सहज कळतील. दुसऱ्यांदा शब्द सोडून द्यावे आणि फक्त ओळीचा शेवट ऐकावा: सूर कोठें थांबतो, ठेका कोठें पडतो आणि ह्या दोहोंमध्यें किती अंतर राहतें. तेवढ्या अंतरांत ती गायिका आपल्या मनाप्रमाणें वागत असते, आणि तेवढ्या काळापुरता तिच्यावर कोणाचाहि हुकूम चालत नाहीं.